युद्धाचे चित्र आणि युद्धाचा ताळेबंद

फ्रान्समधील ओरादूर-सूर-ग्लान हे गाव १० जून १९४४ रोजी हिटलरच्या एस. एस. सैनिकांनी नष्ट केले. गावातील ६४३ स्त्री-पुरुष व मुले त्यांनी ठार केली आणि घरे पेटवून दिली. युद्ध संपल्यावर फ्रेंच शासनाने जुन्या जागी पुन्हा बांधकाम केले नाही. शेजारी नवे गाव वसवले आणि जळके अवशेष स्मारक म्हणून तसेच राखून ठेवले. ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या २६ भागांच्या चित्रवाणी मालिकेचा आरंभ या गावाच्या उजाड रस्त्यावरून होतो आणि शेवटही याच गावाच्या आठवणीने होतो. ब्रिटनमधील थेम्स टेलिव्हिजनने तयार केलेली ही मालिका ३१ ऑक्टोबर १९७३ पासून मे १९७४ पर्यंत प्रथम प्रक्षेपित झाली. पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही दुसऱ्या महायुद्धावरील अनुबोधपटांचा विषय निघाला की प्रथम तिचेच नाव घेतले जाते. हा मान तिला उगाच मिळालेला नाही. परंतु एखाद्या कृतीचा मोठेपणा मान्य करणे म्हणजे तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे नव्हे. उलट, कृती जितकी मोठी, तितके तिच्यात काय राहून गेले हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते. कारण पुढच्या पिढ्या तिलाच संपूर्ण इतिहास समजण्याचा संभव असतो.

साक्षीदारांची निवड

मालिकेचे निर्माते जेरेमी आयझॅक्स यांनी सुमारे चार वर्षे आणि सुमारे नऊ लाख पौंड या कामी लावले. त्या काळी चित्रवाणीवरील कोणत्याही अनुबोधपटावर एवढा खर्च झालेला नव्हता. निवेदनासाठी लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा आवाज आणि संगीतासाठी कार्ल डेव्हिस अशी जोड लाभली. परंतु मालिकेचे खरे बळ पैशात किंवा नामवंतांत नव्हते, ते तिच्या पद्धतीत होते. युद्धाचे प्रसंग नटांकरवी पुन्हा उभे करण्याचा मोह तिने टाळला. त्या त्या वेळी घेतलेली चित्रफीत आणि त्या त्या वेळी हजर असलेला माणूस, या दोनच साधनांवर तिने भिस्त ठेवली. माणसे निवडतानाही केवळ सेनापती व मंत्री यांना न बोलावता त्यांचे सचिव, साहाय्यक, साधे सैनिक आणि गृहिणी यांना बोलते केले. ज्याला आपली कीर्ती सांभाळावयाची नसते, तो अधिक खरे बोलतो, हा त्यामागचा व्यवहारी विचार असावा. हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे तेथे बोलते. हिमलरचा निकटचा साहाय्यक कार्ल वोल्फ कॅमेऱ्यासमोर बसून मिन्स्क येथे आपल्या वरिष्ठाच्या उपस्थितीत झालेल्या गोळीबाराची हकिगत सांगतो. अशा माणसांना शोधून काढणे आणि बोलण्यास राजी करणे हे इतिहाससंशोधनच होते.

ही मालिका योग्य वेळी झाली, हेही महत्त्वाचे आहे. १९७० च्या सुमारास युद्धातील तरुण पन्नाशीच्या आसपास होते. स्मृती शाबूत होती आणि पूर्वीचे भय ओसरले होते. दहा वर्षे आधी अनेक जण बोलले नसते आणि तीस वर्षांनंतर त्यांतले बहुतेक हयात नसते. मालिकेत या मुलाखतींचा अगदी थोडा अंश वापरला गेला. परंतु उरलेला भाग फेकून न देता लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जतन करण्यात आला आणि त्याच्या आधारे २००७ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथही सिद्ध झाला. कार्यक्रम संपला म्हणजे काम संपले, असे त्या मंडळींनी मानले नाही.

काळाने दाखवलेल्या उणिवा

या मालिकेच्या काही मर्यादा तिच्या काळाच्या आहेत आणि त्यांबद्दल तिला दोष देता येणार नाही. अटलांटिक महासागरातील जर्मन पाणबुड्यांच्या मोहिमेवर एक संपूर्ण भाग आहे. परंतु जर्मनांचे सांकेतिक संदेश ब्रिटनमध्ये उलगडले जात होते, ही त्या लढ्यातील अत्यंत महत्त्वाची गोष्ट त्यात नाही. ते गुपित ‘अल्ट्रा’ या नावाने १९७४ मध्ये जगजाहीर झाले, तोवर मालिका तयार झालेली होती. सोव्हिएत रशियाची मनुष्यहानी त्या काळी दोन कोटी मानली जाई. १९९० मध्ये खुद्द सोव्हिएत शासनानेच हा आकडा सुमारे २ कोटी ७० लाखांवर नेला. इतिहासाचे लेखन नव्या कागदांबरोबर बदलत जाते. चित्रफितीला मात्र ती मुभा नसते.

दुसरी मर्यादा साक्षीदारांच्या लबाडीची. नाझी जर्मनीचा शस्त्रोत्पादनमंत्री आल्बर्ट श्पेअर या मालिकेत सभ्य, विचारी आणि किंचित पश्चात्तापदग्ध गृहस्थासारखा बोलतो. १९४२ च्या फेब्रुवारीत त्याने ते खाते हाती घेतल्यानंतर जर्मनीचे शस्त्रोत्पादन वेगाने वाढले, हे खरे. पण या ‘चमत्कारा’चे श्रेय त्याच्या संघटनकौशल्याला देण्याची जी रीत पडली, तिला ॲडम टूझ यांच्यासारख्या आर्थिक इतिहासकारांनी पुढे आकडेवारीनिशी आव्हान दिले. उत्पादनवाढीची पायाभरणी त्याच्यापूर्वीच झाली होती आणि पुढची वाढ लक्षावधी परकीय मजुरांना वेठीला धरून साधली गेली होती. ज्यूंच्या संहाराची आपणास माहिती नव्हती, असे श्पेअर जन्मभर सांगत राहिला. १९७१ मध्ये त्याने स्वतः लिहिलेले एक खाजगी पत्र २००७ मध्ये उजेडात आले आणि त्याचा हा बचाव त्याच्याच हस्ताक्षराने कोसळला. कॅमेरा माणसाचा चेहरा दाखवतो. त्याचे जमाखर्चाचे पुस्तक दाखवत नाही.

अकरा जागांचा प्रश्न

खरा विचार करावयाचा तो तिसऱ्या मर्यादेचा. मालिकेची आखणी करताना आयझॅक्स यांनी इंपीरियल वॉर म्युझियमचे तत्कालीन संचालक नोबल फ्रँकलंड यांचा सल्ला घेतला. फ्रँकलंड यांनी युद्धातील पंधरा निर्णायक मोहिमांची यादी दिली आणि त्या प्रत्येकीला एक भाग देण्यात आला. उरले अकरा भाग. या अकरा जागांमध्ये रणांगणाबाहेरचे युद्ध बसवावयाचे होते. त्यांत ब्रिटनमधील घरादारांची कहाणी आली, जर्मनीतील अंतर्गत जीवन आले, जपानी समाज आला, नाझींच्या टाचेखालील हॉलंड आले, ज्यूंचा वंशसंहार आला आणि अणुबाँबही आला. आला नाही तो भारत.

भारतीय सैनिक ब्रह्मदेशावरील भागात ओघाने येतात. ते येणे अपरिहार्यच होते, कारण तेथे लढणाऱ्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य भारतीयच होते. परंतु युद्धकाळात भारतीय समाजाचे काय झाले, यासाठी २६ पैकी एकही भाग नाही. सुमारे २५ लाख भारतीय या काळात सैन्यात होते. सक्तीची भरती न करता उभारलेले एवढे मोठे सैन्य इतिहासात दुसरे नव्हते. त्यांतील सुमारे ८७ हजार जण मृत्यू पावले. इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात लढताना पडले, तर शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर गाजवलेल्या पराक्रमानंतर जिवंत परतले. ही नावे आपल्याकडे पाठ्यपुस्तकातील एखाद्या ओळीपुरती उरली आहेत. तरीही शौर्याची निदान नोंद होते. ज्यांनी हाती बंदूक धरली नाही आणि तरीही या युद्धाची किंमत मोजली, त्यांची नोंद कोणी घ्यावयाची?

एकच युद्ध, दोन रीती

येथे अर्थशास्त्राचा आधार घेणे भाग आहे. कोणतेही राष्ट्र युद्धात उतरले म्हणजे अन्न, कापड, पोलाद, कोळसा, आगगाड्या हे सर्व सैन्याकडे वळते आणि नागरिकांच्या वाट्याला कमी उरते. नोटा छापून हा तुटवडा नाहीसा होत नाही. कोणी तरी कमी खाल्ले पाहिजे आणि कमी नेसले पाहिजे. प्रश्न एवढाच, की हे ‘कोणी तरी’ कोण? जॉन मेनार्ड केन्स यांनी १९४० मध्ये युद्धखर्चाच्या व्यवस्थेवर एक छोटी पुस्तिका लिहून हा प्रश्न ब्रिटिश जनतेपुढे स्पष्ट शब्दांत मांडला. उपभोग कमी करण्याचे दोन मार्ग होते. एक, कर, सक्तीची बचत आणि शिधावाटप यांच्या द्वारे तो सर्वांवर ठरवून, मोजून वाटावयाचा. दुसरा, किंमती वाढू द्यावयाच्या आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याने आपोआप बाजूला व्हावयाचे.

ब्रिटनने पहिला मार्ग धरला. जानेवारी १९४० मध्ये शिधावाटप सुरू झाले. १९४१ च्या अंदाजपत्रकात आयकराचा मूळ दर पौंडामागे दहा शिलिंग, म्हणजे निम्मा, करण्यात आला. अन्नधान्याच्या किंमती सरकारी अनुदानाने आवरल्या गेल्या. सामान्य ब्रिटिश कुटुंबाला युद्धकाळात मौजमजा लाभली नाही. पण त्याची उपासमारही झाली नाही. घरच्या आघाडीवरील मालिकेचा भाग या कुटुंबांचीच कथा सांगतो आणि ती सांगण्यासारखी आहे, यात शंका नाही.

भारताच्या वाट्याला मात्र दुसरा मार्ग आला. नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीचा एक करार झाला. त्यानुसार भारताबाहेरील युद्धाचा बराच खर्च ब्रिटनने सोसावयाचा होता. वरवर पाहता करार न्याय्य वाटतो. गोम होती ती फेडीच्या रीतीत. भारतातून धान्य, कापड, तंबू, दारूगोळा जाई. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत भारताच्या नावे जमा होई. ते पौंड वापरण्याची मुभा युद्ध चालू असेतो जवळजवळ नव्हती. पण त्या पौंडांच्या रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक येथे रुपयांच्या नोटा काढी आणि त्यातून पुरवठादारांचे पैसे चुकते होत. माल देशाबाहेर गेला आणि नोटा देशात राहिल्या. युद्धारंभी २०० कोटींपेक्षा कमी असलेले चलन युद्धाच्या अखेरीस १,१०० कोटी रुपयांच्या वर गेले. घाऊक किंमती अडीच पटीच्या आसपास पोचल्या. १९४६ च्या सुमारास लंडनमधील भारताची शिल्लक सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७०० कोटी रुपयांहून अधिक झाली होती. कर्जदार भारत कागदोपत्री सावकार झाला. पण हे कर्ज ज्यांनी दिले, त्यांना आपण कर्ज देत आहो याची कल्पनाही नव्हती. त्यांनी ते आपल्या ताटातून दिले.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ व नी. वि. सोवनी यांनी आणि मुंबईतून प्रा. चं. ना. वकील यांनी १९४३ मध्येच ग्रंथ लिहून या चलनफुगवट्याचे परिणाम दाखवून दिले होते. तेव्हा हे सारे मागाहून सुचलेले शहाणपण आहे, असे म्हणण्यास जागा नाही.

बंगालचा न झालेला भाग

या दुसऱ्या मार्गाचे टोक म्हणजे १९४३ चा बंगालचा दुष्काळ. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथील तांदूळ बंद झाला. शत्रू आलाच तर त्याच्या हाती साधने पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारी जिल्ह्यांतून तांदळाचे साठे हलवण्यात आले आणि दहाहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या होड्या काढून घेण्यात आल्या. ज्या प्रदेशात होडी हेच बैल आणि होडी हीच गाडी, तेथे कोळी व नावाडी यांची उपजीविकाच त्यामुळे गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाचा तडाखा बसला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की १९४३ मध्ये बंगालमधील धान्याची उपलब्धता १९४१ पेक्षा कमी नव्हती, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ पडला नव्हता. या आकड्यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कोण मेले याबद्दल नाहीत. शेतमजूर, कोळी, नावाडी आणि खेड्यातील कारागीर मेले. युद्धाच्या पैशाने भाव चढले आणि यांची मजुरी जागीच राहिली. कलकत्त्यातील युद्धोत्पादनाच्या कारखान्यांतील कामगारांना स्वस्त धान्य मिळत होते, त्याच शहराच्या पदपथांवर खेड्यांतून आलेली माणसे प्राण सोडीत होती. सरकारी चौकशी आयोगाने बळींची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो. दिल्लीहून धान्याची मागणी वारंवार होत असताना लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फारच थोडे धान्य व जहाजे मंजूर केली, हेही आता कागदपत्रांवरून सिद्ध आहे.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की ब्रिटिश प्रेक्षकांसाठी ब्रिटिशांनी केलेल्या मालिकेकडून भारताची कथा का अपेक्षावी? आक्षेप बिनतोड वाटतो, पण मालिकेने स्वतःच नाव घेतले ते जगाचे. शिवाय स्वदेशाच्या चुका झाकण्याची तिची वृत्ती नव्हती. जर्मन शहरांवरील बाँबवर्षावाचा सूत्रधार आर्थर हॅरिस याला तिने कॅमेऱ्यासमोर बसवले. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. चित्रवाणीला चित्र लागते, आणि युद्धकाळातील चित्रफीत सरकारी छायालेखकांनी सरकारी हेतूने घेतलेली असते. रणगाड्यामागे कॅमेरा धावतो. शेतमजुराच्या रिकाम्या चुलीपुढे तो थांबत नाही. हे खरे आहे. पण बंगालच्या बाबतीत साधने अजिबात नव्हती असे नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये ‘स्टेट्समन’ने दुष्काळाची छायाचित्रे छापली होती. सुनील जाना यांची छायाचित्रे आणि चित्तप्रसाद यांची रेखाटने होती. आणि ज्या १९७३ साली ही मालिका पडद्यावर आली, त्याच वर्षी याच दुष्काळावरील सत्यजित राय यांच्या ‘अशनि संकेत’ला बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. दुष्काळ जगाला अज्ञात नव्हता. तो ‘युद्धा’च्या खात्यात धरला जात नव्हता, इतकेच. जणू बाँबने मेलेला माणूस युद्धात मेला आणि भाववाढीने मेलेला माणूस दैवाने मेला!

आपल्या घरातील युद्ध

हा दोष केवळ परक्यांचा मानून समाधान करून घेणे सोपे आहे. परंतु आपण तरी हे युद्ध आपले मानले आहे काय? १९४२ ते १९४५ हा काळ आपल्या स्मरणात ‘चले जाव’ आंदोलनाचा, साताऱ्याच्या प्रतिसरकारचा आणि आझाद हिंद सेनेचा आहे. तो तसा असणे स्वाभाविक आणि अभिमानास्पदही आहे. पण त्याच काळात घराघरांत जे दुसरे काही घडत होते, ते त्या तेजात दिसेनासे झाले. ‘रेशन’, ‘कंट्रोल’ आणि ‘काळा बाजार’ हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळले ते याच युद्धात. मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते १९४३ मध्ये. नोकरदाराच्या पगारपत्रकातील महागाई भत्त्याचा उगम दुसऱ्या महायुद्धातील भाववाढीत आहे, आणि त्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्येच संप केला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरण्याची घोडचूक युद्धाच्या घाईतलीच होती. ६६ अग्निशामक जवानांसह शेकडो माणसे त्यात गेली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. युद्ध दूर कोठे तरी युरोपात झाले, हा समज मग कितपत खरा मानावयाचा?

आणि त्या १,७०० कोटींचे काय झाले? स्वातंत्र्यानंतर वाटाघाटी होऊन ती रक्कम हप्त्याहप्त्याने मोकळी झाली. ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामग्रीची किंमत आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद त्यातूनच वळती झाली. उरलेल्या रकमेतून धान्य व यंत्रसामग्रीची आयात झाली. राष्ट्राच्या हिशेबाचे पुस्तक अशा प्रकारे मिटले. ज्यांच्या ताटातून ती रक्कम उभी राहिली, त्यांच्या नावाचे खाते त्या पुस्तकात उघडलेच गेले नव्हते. म्हणून ते बंद होण्याचाही प्रश्न आला नाही.

आयझॅक्स यांना लाभलेली संधी आता कोणालाच लाभणार नाही. १९४५ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज शंभरी ओलांडून गेला. साक्षीदारांची पिढी संपली. पण कागद अजून आहेत. जिल्हा सैनिक कार्यालयांतील नोंदी आहेत, गावोगावच्या शाळांची दप्तरे आहेत, गिरण्यांची वेतनपत्रके आहेत, सहकारी भांडारांच्या वह्या आहेत आणि जुन्या ट्रंकांच्या तळाशी पडलेली शिधापत्रिका व लामावरून आलेली पत्रे आहेत. युद्धकाळात सरकारने मुंबईत तयार करविलेल्या अनुबोधपटांचे व वार्तापटांचे जे अवशेष शासकीय संग्रहांत असतील, ते धुंडाळता येतील. प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यापुरते हे काम हाती घेतले, तर त्यासाठी नऊ लाख पौंड लागणार नाहीत. विद्यार्थ्यांचे दोन उन्हाळे आणि प्राध्यापकांची थोडी चिकाटी पुरेल. धान्याचा भाव कोणत्या महिन्यात किती होता, मजुरी किती होती, गावातून किती जण भरती झाले, किती परतले, दुकानासमोर रांग कधी लागली, एवढे जरी तारीखवार लिहून काढले, तरी न झालेल्या त्या भागाची संहिता तयार होईल.

फ्रान्सने एक जळके गाव जपले, म्हणून जगाला ओरादूरचे नाव ठाऊक झाले. बंगालमधील ओस पडलेल्या गावांवर पुन्हा भाताची रोपे लागली आणि खूण उरली नाही. भूक घराच्या भिंती पाडीत नाही. त्यामुळे तिचे अवशेष दगडांत सापडत नाहीत, ते भावांच्या तक्त्यांत आणि मृत्यूंच्या नोंदवह्यांत शोधावे लागतात. ते काम कॅमेऱ्याचे नाही. ज्यांना आकडे वाचता येतात आणि आकड्यामागचा माणूस दिसतो, त्यांचे ते आहे.